साबणाचे जुळे भावंड

ऑक्टोबरच्या मध्यास महाराष्ट्रातला पावसाळा आटोपलेला असतो, शेतांतून कापणीची घाई सुरू झालेली असते, आणि नेमक्या त्याच सुमारास चेन्नईवर ईशान्येकडचा पाऊस उतरू लागतो. बंगालच्या उपसागरावरून येणारी ती हवा इतकी ओलसर असते की मिठाची बरणी उघडी राहिली तर मिठाचे पाणी व्हावे. घरगुती साबण करणाऱ्यांना या दिवसांत एक विचित्र अनुभव येतो. पारदर्शक साबणाची वडी साच्यातून काढून थोडा वेळ उघडी ठेवावी, तो तिच्यावर दवासारखे बारीक थेंब उमटतात. फडक्याने पुसले, तरी घटकाभराने पुन्हा उमटतात. साबणाला घाम फुटला, असेच म्हणावेसे वाटते. नवख्याला वाटते, आपले प्रमाण चुकले, माल बिघडला. वस्तुतः काहीही बिघडलेले नसते. ते पाणी साबणातून बाहेर आलेले नसून हवेतून साबणाकडे आलेले असते, आणि त्याला बोलावून आणणारा पदार्थ म्हणजे ग्लिसरीन.

ग्लिसरीन हे नाव मराठी घराला परके नाही. थंडीत ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या, की ग्लिसरीन आणि गुलाबपाणी यांची बाटली कपाटातून बाहेर निघते. तोंड आले असता बोरोग्लिसरीनचा बोळा फिरवण्याची रीत गेल्या पिढीपर्यंत सर्वत्र होती. खोकल्याच्या औषधात ते असते, दंतमंजनाच्या मलमात असते, चेहऱ्याला लावायच्या बहुतेक प्रत्येक क्रीममध्ये असते. रंग नाही, वास नाही, मधासारखे दाट, जिभेला गोड. इतक्या साध्या आणि निरुपद्रवी वस्तूविषयी सांगण्यासारखे ते काय असणार, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. परंतु या वस्तूची कथा जितकी उपकाराची, तितकीच सावधगिरीची आहे. ज्या गुणांमुळे ग्लिसरीन आपल्या उपयोगी पडते, नेमक्या त्याच गुणांच्या आडोशाने एक विषारी तोतया अनेकदा आपल्या घरात आणि रुग्णालयात शिरला आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्यावाचून ग्लिसरीनची ओळख पुरी होत नाही.

प्रथम त्याच्या जन्माविषयी. खोबरेल घ्या, तिळाचे तेल घ्या, एरंडेल घ्या, पामतेल घ्या, त्यांची मूळ रचना एकाच साच्याची असते. आपल्या शेतकऱ्याची तिफण डोळ्यांपुढे आणावी. एक आडवे लाकडी दिंड आणि त्यात बसवलेले तीन फण. तेलाचा सूक्ष्मतम कण असाच असतो. मधले दिंड ग्लिसरीनचे आणि त्याला जोडलेले तीन फण म्हणजे तीन स्निग्धाम्ले. तेलातेलांतला फरक मुख्यतः या फणांच्या लांबीत आणि घडणीत असतो. दिंड मात्र सर्वांचे तेच. तेलात कॉस्टिक सोड्याचे पाणी मिसळले, की सोडा हे तिन्ही फण दिंडापासून सोडवून आपल्याकडे घेतो. सोडा आणि स्निग्धाम्ल यांच्या संयोगाने जे होते तो साबण, आणि मोकळे राहिलेले दिंड म्हणजे ग्लिसरीन. तेव्हा ग्लिसरीन साबणात कोणी वरून घालीत नाही. प्रत्येक साबणाबरोबर ते जन्मालाच येते. ती जुळी भावंडे आहेत. ढोबळ मानाने शंभर किलो तेलामागे दहा किलो ग्लिसरीन निघते आणि खोबरेलापासून त्याहून काहीसे अधिक.

माणूस हजारो वर्षे साबण करीत आला, पण या दुसऱ्या भावंडाची त्याला वार्ता नव्हती. स्वीडनचा औषधविक्रेता आणि रसायनज्ञ कार्ल शेले हा १७७९ मध्ये ऑलिव्हचे तेल मुर्दाडशिंगाबरोबर, म्हणजे शिशाच्या एका भस्माबरोबर, तापवीत असताना त्याला एक गोड द्रव हाती लागला. त्याने त्याला तेलातला गोड अंश मानले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या मिशेल शेव्हरल याने तेले आणि चरबी यांचा कसून अभ्यास करून साबण होताना नेमके काय घडते ते उलगडून दाखवले आणि ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या द्रवाला ग्लिसरीन हे नाव दिले. हा शेव्हरल १०२ वर्षे जगला आणि आपल्या शोधातून उभे राहिलेले कारखाने त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले.

या कारखान्यांनीच दोन भावंडांची ताटातूट केली. मोठ्या कढयांत साबण शिजला, की त्यात मिठाचे पाणी सोडतात. खाऱ्या पाण्यात साबण विरघळून राहू शकत नाही. तो फुटून वर तरंगतो आणि ग्लिसरीन खालच्या पाण्यात उतरते. वरचा साबण काढून घ्यायचा, खालचे पाणी आटवायचे, हवेचा दाब कमी करून त्याचे ऊर्ध्वपातन करायचे, की शुद्ध ग्लिसरीन मिळते. प्रथम हे पाणी फेकून देत असत. परंतु १८४७ मध्ये इटलीच्या आस्कानिओ सोब्रेरो याने ग्लिसरीनवर तीव्र आम्लांची क्रिया करून नायट्रोग्लिसरीन बनवले, आणि १८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेल याने त्याच भयंकर द्रवापासून डायनामाइट सिद्ध केले. त्या दिवसापासून गटारात जाणाऱ्या पाण्याला किंमत आली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेव्हाच्या मद्रास इलाख्यात निलगिरीच्या डोंगरात अरुवंकाडू येथे इंग्रज सरकारने कॉर्डाइट या धूरविरहित दारूचा कारखाना काढला. त्या दारूचा एक मुख्य घटक नायट्रोग्लिसरीन हाच होता. ओठांना लावायची वस्तू अशी तोफेच्या पोटात जाऊन बसली. पहिल्या महायुद्धात लढणारी राष्ट्रे साबणाच्या कारखान्यांकडे आशेने पाहत होती, ती साबणासाठी कमी आणि ग्लिसरीनसाठी अधिक.

युद्धाची गरज सरली तरी ताटातूट चालूच राहिली, कारण औषधे, रंग, तंबाखू, खाद्यपदार्थ, सौंदर्यप्रसाधने अशा अनेक धंद्यांकडून ग्लिसरीनला मागणी आली. साबणात राहिलेल्या ग्लिसरीनचे जे पैसे येतात त्यापेक्षा वेगळे काढून विकलेल्या ग्लिसरीनचे अधिक येतात, हा साधा व्यापारी हिशेब. म्हणून यंत्रावर तयार झालेल्या बऱ्याचशा साबणातून ते पुष्कळसे निघून गेलेले असते. मग तोच साबण वापरून त्वचा कोरडी पडली, की आपण दुसऱ्या बाटलीतून तेच ग्लिसरीन पुन्हा विकत आणतो. यात फसवणूक नाही, परंतु गंमत खचित आहे.

आपल्या देशातही साबणाचा हा उद्योग वनस्पतितेलांवर वाढला. १९१४ मध्ये मद्रास सरकारच्या पुढाकाराने आणि सर फ्रेडरिक निकल्सन यांच्या प्रयत्नाने कालिकत येथे सरकारी साबण कारखान्याचा पाया घातला गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीला फाटा देऊन केवळ वनस्पतितेलाचा साबण बाजारात आणला. ज्या समाजात चरबीचा स्पर्शही अनेकांना वर्ज्य होता, तेथे ही गोष्ट लहान नव्हती. मद्रास शहरात पुढे १९६९ मध्ये रेल्वेच्या सेवेतील डॉक्टर व्ही. पी. सिधन यांनी खोबरेल आणि औषधी वनस्पती यांपासून मेडिमिक्स हा साबण बनवायला सुरुवात केली. रेल्वे कामगारांच्या त्वचेच्या तक्रारी नित्य त्यांच्यासमोर येत असत, आणि हा साबण आरंभी घरच्या घरी हातांनीच तयार होई. तेल उकळत न ठेवता, सोड्याचे पाणी मिसळून, मिश्रण साच्यात ओतून जो साबण हाताने केला जातो, त्यात मिठाने फोडण्याची पायरी येतच नाही. त्यामुळे तेलातले सर्व ग्लिसरीन वडीतच राहते. आज चेन्नईत, पुण्यात, कोल्हापुरात ज्या स्त्रिया आपल्या स्वयंपाकघराशेजारी लहानसा साबणाचा उद्योग चालवतात, त्यांच्या वडीचे मऊपण बव्हंशी या न झालेल्या ताटातुटीमुळे असते. पारदर्शक साबणात तर त्याखेरीज आणखी ग्लिसरीन मुद्दाम घालतात. म्हणूनच चेन्नईच्या पावसात घाम फुटतो तो विशेषेकरून याच साबणाला. वडी निवताच घट्ट वेष्टनात गुंडाळणे हा त्यावरचा सोपा उपाय.

आता, ग्लिसरीन पाणी ओढते म्हणजे काय करते? त्याच्या कणाला तीन ठिकाणी असे गट असतात की ज्यांना पाण्याच्या कणाशी जोडून घेण्याची ओढ असते. फण सुटून गेलेल्या दिंडाची ती तीन मोकळी भोकेच जणू पाण्याचे बोट धरून ठेवतात. हवेची आर्द्रता पन्नास टक्के असेल, तर उघड्यावर ठेवलेले ग्लिसरीन आपल्या वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके पाणी धरते. आर्द्रता ऐंशी टक्के असेल, तर जवळजवळ आपल्या वजनाइतके. यावरून एक व्यावहारिक सत्य ध्यानात येईल. तीच बाटली चेन्नईत एक काम करते आणि वैशाखातल्या नागपुरात दुसरे. चेन्नईच्या हवेत पाणी मुबलक असल्यामुळे ग्लिसरीन ते हवेतून घेते. नागपुरात दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरली असता हवेकडे देण्यासारखे काही नसते. अशा वेळी निर्भेळ ग्लिसरीन कोरड्या त्वचेवर जाडसर फासले, तर ते आपली तहान त्वचेच्या खालच्या थरातल्या पाण्यावर भागवू पाहते, आणि लावणाऱ्याला ओढल्यासारखे, चुरचुरल्यासारखे वाटते.

आपल्या आजीने ग्लिसरीनमध्ये गुलाबपाणी का मिसळले, याचे उत्तर येथे मिळते. सुगंध हा त्यातला गौण भाग. मुख्य गोष्ट म्हणजे तिने तहानलेल्याला आधीच पाणी पाजून मग त्वचेवर पाठवले. आजही रीत तीच योग्य. स्नानानंतर अंग ओलसर असताना, एक भाग ग्लिसरीनला निदान तीन-चार भाग पाणी या प्रमाणात ते लावावे आणि कोरड्या हवेच्या प्रदेशात त्यावर खोबरेलाचा एक पातळ हात फिरवावा. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते आणि तेल त्याला उडून जाऊ देत नाही. चेन्नईत हा दुसरा हात बहुधा नकोसाच वाटेल.

त्वचेचे आणि ग्लिसरीनचे नाते केवळ वरवरचे नाही. आपल्या त्वचेतही नैसर्गिक ग्लिसरीन असते. पेशींच्या आवरणात पाणी आत-बाहेर जाऊ देणारी जी सूक्ष्म द्वारे आहेत, त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्री यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतले एक विशिष्ट द्वार पाण्याबरोबर ग्लिसरीनलाही वाट देते. हे द्वार ज्यांच्यात नाही अशा उंदरांची त्वचा कोरडी आणि ताठर झालेली आढळली, आणि त्यांना ग्लिसरीन दिल्यावर ती सुधारली. तथापि साबणातल्या ग्लिसरीनकडून फार अपेक्षा धरू नये. साबण अंगावर क्षणभर राहतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. त्यातले ग्लिसरीन साबणाचा कोरडेपणा थोडा सौम्य करते, इतकेच. खरे काम होते ते लावून ठेवण्याच्या क्रीममध्ये किंवा मलमात.

बाटलीवर ‘वनस्पतिजन्य’ असे हल्ली ठळकपणे छापलेले असते, त्याविषयीही दोन शब्द सांगावेत. तिफणीचे दिंड सर्वत्र एकच असल्यामुळे चरबीपासून काढलेले ग्लिसरीन आणि खोबरेलापासून काढलेले ग्लिसरीन शुद्ध झाल्यावर त्यांत काही भेद उरत नाही. ज्याला आहाराच्या किंवा श्रद्धेच्या कारणाने चरबी वर्ज्य आहे त्याच्यासाठी हा शब्द अर्थपूर्ण आहे, आणि त्या अर्थाचा मान राखलाच पाहिजे. परंतु वनस्पतिजन्य म्हणजे आपोआप निर्धोक, असा त्याचा अर्थ नव्हे. ग्लिसरीनचे मूळ कोणते, याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. बाटलीत जे आहे ते खरोखर ग्लिसरीन आहे काय?

हा प्रश्न केवळ पंडिती नाही, हे महाराष्ट्राला १९८६ च्या आरंभी कळले. ग्लिसरीनचा पाणी ओढण्याचा गुण वैद्यकातही उपयोगी पडतो. मेंदूला सूज आली असता किंवा डोळ्यातला दाब वाढला असता रुग्णाला ग्लिसरीन पाजत असत. रक्तात शिरलेले ग्लिसरीन सुजलेल्या भागातले पाणी ओढून घेते आणि दाब उतरतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असे ग्लिसरीन दिलेले रुग्ण बरे होण्याऐवजी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागले. चौदा माणसे गेली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची सखोल चौकशी केली, आणि औषधाची खरेदी, तपासणी आणि देखरेख या प्रत्येक पायरीवरची शिथिलता उघड्यावर आणली. औषध म्हणून रुग्णाच्या मुखी गेले होते ते कारखान्याच्या कामाचे ग्लिसरीन, आणि त्यात मिसळलेले होते डायएथिलीन ग्लायकॉल.

हाच तो तोतया. तोही रंगहीन, गंधहीन, दाट आणि गोड. तोही पाण्यात सहज मिसळतो आणि हवेतला ओलावा ओढतो. छपाईची शाई, रंग, यंत्रे थंड ठेवण्याची द्रव्ये अशा कामांत त्याचा उचित उपयोग आहे, आणि तो ग्लिसरीनपेक्षा बहुधा स्वस्त असतो. बोटांच्या चिमटीत धरून, हुंगून, इतकेच नव्हे तर चाखूनही त्याचा आणि ग्लिसरीनचा भेद माणसाला कळत नाही. शरीराला मात्र कळतो. यकृतात त्याचे विघटन होऊन जे आम्ल तयार होते, ते मूत्रपिंडांचा नाश करते. प्रथम उलट्या, पोटदुखी, ग्लानी. मग दोन-चार दिवसांत लघवी बंद होते. मूल जितके लहान, तितके संकट मोठे. खोकल्याच्या औषधाचा गोडवा मुलांना आवडतो, म्हणून हा घात विशेषेकरून मुलांच्या वाट्याला आला आहे.

आणि तो एकदाच आलेला नाही. अमेरिकेत १९३७ मध्ये एका औषधाचे पातळ मिश्रण करण्यासाठी हाच द्रव वापरला गेला आणि शंभरांहून अधिक माणसे मेली. त्या दुर्घटनेतून पुढच्याच वर्षी तेथे औषधांचा नवा कायदा झाला. चेन्नईने हे दुःख मद्रास या जुन्या नावाखाली भोगले आहे. १९७२ मध्ये त्या शहरात मुलांना दिलेल्या एका औषधात प्रॉपिलीन ग्लायकॉल या निर्धोक द्रवाच्या जागी डायएथिलीन ग्लायकॉल गेले आणि पंधरा मुले दगावली. प्रॉपिलीन ग्लायकॉल हाही ग्लिसरीनच्याच गोत्रातला, औषध विरघळवण्यासाठी वापरला जाणारा द्रव आहे, आणि त्याच्या वेषातही हा तोतया शिरू शकतो. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया देशातील बालमृत्यूंच्या संदर्भात जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार पातळ औषधांविषयी इशारा दिला. त्यानंतर भारत सरकारने १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना सरकारमान्य प्रयोगशाळेची आगाऊ तपासणी सक्तीची केली. देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या औषधाला मात्र तशी सक्ती लागू झाली नव्हती.

मग २०२५ चा सप्टेंबर-ऑक्टोबर आला. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्याने आजारी पडलेली लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावू लागली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणले होते. त्यांना दिलेले औषध तयार झाले होते चेन्नईजवळच्या कांचीपुरम जिल्ह्यातील एका कारखान्यात. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने तपासलेल्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. या द्रव्याची सहन करण्याजोगी मर्यादा ०.१ टक्का आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. वीसहून अधिक बालके गेली. १९७२ आणि २०२५ यांच्यामध्ये त्रेपन्न वर्षे आहेत. विष तेच, वेष तोच, आणि मरणारी मुलेही तशीच.

या सर्व घटनांत सर्वांत अधिक मनाला लागणारी गोष्ट ही की तोतया ओळखणे मुळीच अवघड नाही. ग्लिसरीन पाण्याच्या सव्वापट जड असते आणि डायएथिलीन ग्लायकॉल त्याहून हलके. ते संपूर्णपणे बदलून दिले असेल तर वजनावरूनही संशय येतो. भेसळ झाली असेल आणि तिच्यात पाणीही असेल, तर वजन फसवते. परंतु त्यासाठी रसायनशाळेत एक जुनी, अल्पखर्चाची पद्धत आहे. काचेच्या किंवा धातूच्या पट्टीवर एका शुभ्र भुकटीचा पातळ थर देतात. तिच्या तळाशी शुद्ध ग्लिसरीनचा, ज्ञात विषाचा आणि तपासायच्या मालाचा असे तीन ठिपके शेजारी-शेजारी ठेवतात, आणि पट्टीचा तळ योग्य द्रावणात बुडवतात. धोतराचा सोगा पाण्यात बुडाल्यावर पाणी जसे वर चढत जाते, तसे द्रावण पट्टीवर चढते आणि ठिपक्यांना बरोबर नेते. सारखे दिसणारे, सारखे गोड लागणारे हे दोन पदार्थ या चढणीवर सारखे चालू शकत नाहीत. ग्लिसरीन खाली रेंगाळते, तोतया पुढे जातो. मालाच्या ठिपक्यातून विषाच्या उंचीवर डाग उमटला, की निकाल लागला. त्याहून अचूक मोजमाप हवे असेल तर वायुवर्णलेखनाची यंत्रे आहेतच. एक पट्टी, थोडे द्रावण आणि तासाभराची चिकाटी, इतकेच अंतर औषध आणि विष यांच्यामध्ये असते. आपल्या कायद्यानेही औषध करणाऱ्यावर कच्चा माल आणि तयार माल तपासण्याचे बंधन घातलेले आहे. उणीव असते ती पट्टीची नव्हे, ती रोज न चुकता लावणाऱ्या हाताची आणि त्या हाताकडे लक्ष ठेवणाऱ्या नजरेची.

चेन्नईच्या पार्क टाऊन भागात नैनियप्पा नायकन रस्ता आहे. रसायने, अत्तरे, रंग, जडीबुटी यांच्या दुकानांनी तो गजबजलेला असतो, आणि साबण करणारे लोक तेथूनच आपली सामग्री नेतात. मुंबईच्या मशीद बंदराचा परिसर ज्यांनी पाहिला आहे त्यांना अशा बाजाराचे चित्र सहज दिसेल. अशा ठिकाणी ग्लिसरीन अनेक दर्जांचे मिळते. कोणते यंत्रांच्या कामाचे, कोणते साबणाचे, कोणते औषधी दर्जाचे. साबणाच्या वडीसाठी आणलेले ग्लिसरीन साबणापुरते ठीक असेल. घातक चूक होते ती या दर्जांची सरहद्द ओलांडताना. पिंपावरून डब्यात, डब्यातून बाटलीत माल ओतला जातो, चिठ्ठी मागे राहते, आणि शेवटी उरते ते ‘ग्लिसरीन’ हे एकच नाव.

म्हणून गृहस्थाने काही साधे नियम पाळावेत. साबणासाठी सुटे आणलेले ग्लिसरीन कधीही तोंडात घालू नये, मुलाच्या ओठांना लावू नये, घरगुती खोकल्याच्या काढ्यात मिसळू नये. त्याची बाटली औषधांच्या कपाटात ठेवूच नये. त्वचेसाठी हवे असेल तर औषधाच्या दुकानातून, भारतीय औषधसंहितेचा दर्जा आणि उत्पादनाचा क्रमांक छापलेली, मोहोरबंद बाटली घ्यावी. लहान मुलाला खोकल्याचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये. बहुतेक मुलांचा साधा खोकला औषधावाचूनही बरा होतो. आणि कोणतेही पातळ औषध दिल्यानंतर मुलाला उलट्या होऊ लागल्या, त्याची लघवी कमी झाली, तर औषध तत्काळ थांबवावे, ती बाटली फेकून न देता बरोबर घ्यावी आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. ती बाटली हाच पुरावा असतो, आणि दुसऱ्या एखाद्या घरातले मूल त्यामुळे वाचू शकते.

निसर्गाने तेलाच्या प्रत्येक थेंबात हा गोड अंश घातला आहे. नारळ पिळून तेल काढणारा, त्या तेलाचा साबण करणारा, आणि त्या साबणाने हात धुणारा, या सर्वांच्या तो उपयोगी पडतो. भेगाळलेल्या टाचेला तो आराम देतो आणि सुजलेल्या मेंदूचा भार हलका करू शकतो. गोडी ही त्याची ओळख आहे, परंतु तो त्याचा पुरावा नव्हे. जिभेने दिलेली ग्वाही येथे चालत नाही. चालते ती तपासणीची, आणि ती मागण्याचा अधिकार बाटली विकत घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे.